जुन्या गाड्या भंगारात काढल्याने हवा खरोखर स्वच्छ होते का?

वातायन

जुन्या मोटारी मोडीत काढल्या की हवा स्वच्छ होते, हे विधान गेली काही दशके अनेक देशांच्या धोरणांत सिद्ध झाल्यासारखे वापरले जात आहे. कोठे गाडी भंगारात देणाऱ्याला नव्या गाडीसाठी अनुदान मिळते, कोठे ठरावीक वय उलटलेली गाडी रस्त्यावर आणायलाच मनाई असते, तर कोठे जुन्या गाडीला शहरात शिरताना जादा शुल्क भरावे लागते. या उपायांमागचा तर्क वरवर पटण्यासारखा असला, तरी त्याच्या पुराव्याबद्दल माझ्या मनात शंका आहेत आणि त्या जाणकारांसमोर मांडाव्यात असे वाटते.

गाडीचे वय आणि तिच्यातून बाहेर पडणारा धूर यांचा संबंध नेमका किती घट्ट आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. वेळच्या वेळी देखभाल झालेली वीस वर्षांची पेट्रोल मोटार आणि बेपर्वाईने वापरलेली सात वर्षांची डिझेल मोटार यांची तुलना केली, तर केवळ नोंदणीचे साल पाहून पहिलीला दोषी ठरवणे योग्य होईल का? शिवाय अनुदानाच्या आशेने जी गाडी पुढे येते, ती मुळात रस्त्यावर धावत होती, की कित्येक महिने एका जागी उभीच होती? उभी गाडी धूर सोडत नाही. तिला मोडीत काढून हवेत काय फरक पडणार? नवी गाडी तयार करताना जे प्रदूषण होते, ते या हिशेबात धरले जाते का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल. जुन्या गाडीवाल्यांची बाजू घ्यावी असा माझा हेतू नाही. सार्वजनिक पैसा आणि लोकांची वाहने ज्या कारणासाठी घेतली जातात, ते कारण खरोखर साध्य होते का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

हिशेबनीस

येथे दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतील, कारण या विषयावरील बरेच वाद त्यांची गल्लत झाल्यामुळेच लांबत जातात. श्वासावाटे शरीरात जाऊन अपाय करणारे वायू आणि कण, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण, हा एक विषय झाला. पृथ्वीचे तापमान वाढवणारा कार्बन डायऑक्साइड हा दुसरा. एकच गाडी बदलल्याने पहिल्यात मोठी घट व्हावी आणि दुसऱ्यात जवळजवळ काहीच पदरात पडू नये, असे सहज होऊ शकते. प्रश्न हवेच्या प्रदूषणाचा असल्याने मी आधी पहिल्याकडे वळतो.

युरोपीय मानकांचे आकडे पाहिले की बरेच काही उलगडते. डिझेल मोटारींसाठी १९९२ मध्ये लागू झालेल्या युरो १ मानकात कणांची मर्यादा किलोमीटरला ०.१४ ग्रॅम होती. युरो ५ मध्ये ती ०.००५ ग्रॅमवर, म्हणजे मूळच्या अठ्ठाविसाव्या हिश्शावर आली, आणि ती पाळण्यासाठी काजळी अडवणारा फिल्टर बसवण्यावाचून उत्पादकांना पर्याय उरला नाही. आता असे धरू की युरो १ ची गाडी वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चालत होती आणि तिच्या जागी आलेली नवी गाडी १२,००० किलोमीटर चालू लागली. मर्यादेच्या हिशेबाने जुनी गाडी वर्षाला ४२० ग्रॅम कण सोडत होती, नवी ६० ग्रॅम सोडेल. चौपट फिरूनही नवी गाडी कितीतरी स्वच्छ ठरते. फिल्टर नसलेली जुनी डिझेल गाडी हटवण्याचा लाभ खरा आहे आणि मोठाही आहे, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगेन.

पेट्रोल गाड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. २००५ च्या युरो ४ मानकात त्यांच्यासाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला १ ग्रॅम आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ०.०८ ग्रॅम होती. युरो ६ मध्ये पहिली मर्यादा तशीच राहिली आणि दुसरी ०.०६ झाली. म्हणजे २००६ सालची, सर्व यंत्रणा शाबूत असलेली पेट्रोल मोटार मोडून तिच्या जागी नवी पेट्रोल मोटार आणली, तर या दोन वायूंच्या बाबतीत कागदावर तरी फारसे काही हाती लागत नाही. पेट्रोल गाड्यांतील खरी मोठी घट त्याआधी, धुरातील घातक वायू निरुपद्रवी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसू लागले तेव्हा आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत होऊन गेली होती. लंडनने एप्रिल २०१९ मध्ये अतिकमी उत्सर्जनाचे क्षेत्र सुरू करताना हाच फरक ओळखला: पेट्रोल मोटारीला युरो ४ पुरेसे मानले, डिझेल मोटारीला युरो ६ ची अट घातली. त्यामुळे तेथे २००६ ची पेट्रोल गाडी शुल्काविना फिरू शकते आणि २०१३ च्या बहुतेक डिझेल गाड्यांना रोज १२.५० पौंड भरावे लागतात. वातायन यांनी मांडलेल्या तुलनेचे उत्तर या एका नियमात आहे, असे मला वाटते.

नवेपणावरचा विश्वास किती महागात पडू शकतो, हे २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनच्या प्रकरणाने जगासमोर आले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर त्या गाड्यांत घातलेले होते. पण त्या एका कंपनीपलीकडेही, युरो ५ च्या अनेक डिझेल गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कित्येक पट सोडत असल्याचे मोजमापांत आढळले. त्या काळात ज्यांनी जुने डिझेल देऊन नवे डिझेल घेतले, त्यांनी काजळी नक्कीच कमी केली, मात्र नायट्रोजनच्या ऑक्साइडांत अपेक्षित घट झाली नाही. गाडीवर उपकरण बसवून रस्त्यावरच चाचणी घेण्याची पद्धत युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना लागू झाली, त्यानंतर हे चित्र पालटू लागले.

अनुदानाच्या योजनांविषयीही थोडे लिहितो. अमेरिकेने २००९ च्या उन्हाळ्यात सुमारे ६,७७,००० गाड्या मोडीत घेतल्या आणि त्यासाठी जवळपास ३ अब्ज डॉलर खर्च केले. ज्या देशात २५ कोटींच्या आसपास वाहने आहेत, तेथे हे प्रमाण हजारात तीनपेक्षाही कमी भरते. मुख्य म्हणजे तेथे निवडीचा निकष इंधनाची वापरक्षमता हा होता, धुराची तपासणी हा नव्हता. अर्थशास्त्रज्ञ आतिफ मियाँ आणि आमिर सूफी यांनी नंतर दाखवून दिले की त्या योजनेमुळे वाढलेली खरेदी ही बहुतांशी थोड्याच महिन्यांनी होणारी खरेदी आधी उरकल्यामुळे दिसली होती. मार्च २०१० पर्यंत ती वाढ जवळजवळ पूर्ण भरून निघाली. जर्मनीने त्याच वर्षी, नऊ वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीमागे २,५०० युरो देऊन, सुमारे २० लाख गाड्या मोडीत घेतल्या. दोन्ही योजना मंदीच्या काळात वाहन उद्योगाला सावरण्यासाठी आखल्या होत्या. हवेचे कारण त्यांना नंतर जोडले गेले, अशी माझी धारणा आहे आणि त्यांचे नियम वाचले की ती अधिकच पक्की होते.

गॅरेजवाला

मी दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे मानकांच्या आकड्यांपेक्षा लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली काय दिसते ते लिहितो.

पेट्रोल गाडीच्या कन्व्हर्टरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. ही वीट चांगली तापलेली असेल आणि इंजिनाला हवा व पेट्रोल वजनाने १४.७ ला १ या प्रमाणात मिळत असेल, तर ती घातक वायूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग निरुपद्रवी करते. एक स्पार्क प्लग निकामी होऊन इंजिन अडखळू लागले, की न जळलेले पेट्रोल या विटेत जाऊन जळते आणि वीट वितळून तिचा गोळा होतो. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला, तर मिश्रणात पेट्रोल जास्त जाते आणि कार्बन मोनॉक्साइड चढत जातो. कित्येकदा आतल्या मौल्यवान धातूंसाठी कोणीतरी वीटच काढून घेतलेली असते आणि बाहेरून डबा जसाच्या तसा दिसतो. अशा गाडीचा मालक बेफिकीर असतोच असे नाही; गाडी पूर्वीसारखीच ओढते, कधी तर थोडी जास्तच ओढते, म्हणून त्याला पत्ताही लागत नाही. डिझेलचे तर याहून सोपे आहे. काजळीचा फिल्टर धड असेल, तर सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले तरी ते जवळजवळ स्वच्छ बाहेर येते. फिल्टरला तडा गेला असेल किंवा सारखा तुंबतो म्हणून तो पोखरून टाकला असेल, तर बोट काळेकुट्ट होते, मग गाडी पाच वर्षांची का असेना.

यावरून माझे मत असे झाले आहे की वयापेक्षा बिघाड हे प्रदूषणाचे अधिक थेट कारण आहे. याला पाठबळ देणारे संशोधनही आहे. डेन्व्हर विद्यापीठातील डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे अवरक्त किरणांचा झोत सोडून, जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर तिला न थांबवता मोजण्याचे उपकरण तयार केले. हजारो गाड्या मोजल्यावर असे दिसले की साधारण १० टक्के गाड्या एकूण कार्बन मोनॉक्साइडपैकी जवळपास निम्मा सोडत होत्या. एकाच सालच्या गाड्यांमध्ये चांगल्या आणि वाईट गाडीतला फरक इतका मोठा होता, की दोन वेगवेगळ्या सालांच्या सरासरीतला फरक त्यापुढे लहान ठरावा. जुन्या गाड्यांत बिघडलेल्यांचे प्रमाण जास्त असते हे खरे आहे, आणि सरासरी काढली की वयाचा दोष दिसतो तो त्यामुळेच. पण सरासरी पाहून गाड्या उचलल्या, तर त्यात बऱ्याच धडधाकट गाड्या सापडतात आणि ज्यांनी हवा खरोखर बिघडवली आहे अशा कित्येक सुटतात.

म्हणून मोडीच्या अनुदानातला काही भाग दुरुस्तीला का देऊ नये, हा प्रश्न मला फार दिवस सतावतो आहे. बिघडलेला सेन्सर बदलणे आणि नवा कन्व्हर्टर बसवणे हा खर्च नव्या गाडीच्या किमतीच्या अगदी छोट्या अंशात होतो, आणि धुरात पडणारा फरक त्याच दिवशी यंत्रावर दिसतो.

निशिगंध

वरील दोन्ही उत्तरे मला मोलाची वाटली, तरीही त्यांच्या रोखाशी माझा काही अंशी मतभेद आहे. प्रत्येक गाडीची प्रत्यक्ष तपासणी करावी हे तत्त्व म्हणून निर्दोष आहे; परंतु तपासणी करणारी यंत्रणा प्रामाणिक आणि सक्षम असेल, तरच त्याला अर्थ आहे. जेथे गाडी न पाहता प्रमाणपत्र मिळते, जेथे साध्या धूर तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अतिसूक्ष्म कण मोजलेच जात नाहीत, तेथे तपासणीवर भिस्त ठेवणे म्हणजे काहीही न करण्यासारखे आहे. वय हा निकष ओबडधोबड खरा, पण तो कोणाला लाच देऊन बदलता येत नाही. वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या, दमा असलेल्या मुलाच्या आईला आदर्श निकषाची वाट पाहत थांबा, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

असे असले तरी केवळ वयावर बेतलेली बंदी टिकवणे किती अवघड जाते, हे दिल्लीच्या उदाहरणात दिसते. तेथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ च्या आदेशांनी १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, आणि तरीही अशी असंख्य वाहने धावत राहिली. १ जुलै २०२५ पासून त्यांना इंधन न देण्याचा निर्णय अमलात आला, तो काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. या शेवटच्या टप्प्यावर निकष वयाकडून उत्सर्जनाच्या मानकाकडे सरकला, आणि माझ्या मते तेच व्यवहार्य आहे. मानकही कागदावरूनच समजते, त्यामुळे त्यात लबाडीला जागा कमी राहते, आणि वयापेक्षा ते धुराच्या कितीतरी जवळचे असते.

आणखी एका बाबीकडे कोणी लक्ष वेधलेले दिसले नाही. एका देशाने नाकारलेली गाडी नेहमीच मोडली जाते असे नाही. ती पुष्कळदा दुसऱ्या देशात विकली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ या काळात युरोप, जपान आणि अमेरिकेतून सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या मोटारी निर्यात झाल्या, त्यांपैकी ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या आणि निम्म्याहून अधिक आफ्रिकेत पोहोचल्या. जर्मनीच्या २००९ च्या योजनेतही, भंगार म्हणून अनुदान घेतलेल्या काही गाड्या चोरवाटेने परदेशी विकल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. अशा वेळी एका शहराची हवा सुधारते, धूर मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातो, आणि त्याला आपण प्रदूषण कमी झाले असे म्हणू शकत नाही.

वातायन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेट्रोल आणि डिझेल यांतील फरक इतका ठळक असेल याची मला कल्पना नव्हती. निशिगंध यांचा तपासणीच्या विश्वासार्हतेविषयीचा मुद्दाही मला मान्य आहे. हिशेबनीस यांनी कार्बन डायऑक्साइडचा भाग बाजूला ठेवला होता, त्याबद्दल त्यांनी लिहावे ही विनंती. तसेच विजेवर चालणारी गाडी आली तर हा हिशेब कसा बदलतो, तेही सांगावे.

हिशेबनीस

मध्यम आकाराची पेट्रोल मोटार तयार करताना, पोलादापासून रंगापर्यंत सर्व धरून, काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हिशेबाच्या सोयीसाठी ६ टन धरू. जुनी गाडी किलोमीटरला १८० ग्रॅम सोडते आणि नवी १४० ग्रॅम, असे मानले तर दर किलोमीटरला ४० ग्रॅम वाचतात. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे ४०० किलो वाचले. म्हणजे नवी गाडी घडवताना सोडलेला वायू भरून यायला १५ वर्षे लागतील, आणि तोवर ती स्वतःच जुनी झालेली असेल. कमी चालणारी गाडी असेल, तर हा काळ आणखी लांबतो. थोडक्यात, पेट्रोलच्या जागी पेट्रोल आणून हवामानाचे भले होते, हा दावा बहुतेक उदाहरणांत टिकत नाही.

विजेच्या गाडीत बॅटरीमुळे निर्मितीचा भार वाढतो. तो १० टन धरला आणि वीज पूर्णपणे स्वच्छ स्रोतांतून येते असे मानले, तर वर्षाला १.८ टन वाचतात आणि साधारण साडेपाच वर्षांत हिशेब बरोबरीत येतो. वीज कोळशाची असेल, तर ही मुदत बरीच वाढते. रस्त्यालगतच्या हवेपुरते पाहिले, तर सायलेन्सरमधून येणारा धूर पूर्ण थांबतो, हा लाभ पहिल्या दिवसापासूनचा आहे. ब्रेक, टायर आणि रस्त्याची झीज यांतून उडणारे कण मात्र राहतात. मोटार चालवताना वेग कमी करण्याचे बरेचसे काम विजेची मोटरच करत असल्याने ब्रेकची झीज कमी होते. गाडी जड असल्याने टायरची झीज वाढू शकते. २०२४ मध्ये संमत झालेल्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली गेली, यावरून या कणांचे महत्त्व लक्षात यावे. फिल्टर बसवलेल्या आधुनिक गाडीत सायलेन्सरपेक्षा ब्रेक आणि टायर यांतूनच अधिक कण येतात, आणि तिथे गाडीचे साल पाहून काहीही साधत नाही.

गॅरेजवाला

उभ्या असलेल्या गाडीचा जो मुद्दा वातायन यांनी सुरुवातीला मांडला होता, त्यावर कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. लॉस एंजेलिसच्या परिसरात १९९० मध्ये युनोकॅल या तेल कंपनीने १९७१ पूर्वीच्या गाड्या प्रत्येकी ७०० डॉलरला विकत घेऊन ८ हजारांहून अधिक मोडीत काढल्या. त्या गाड्यांना कन्व्हर्टर नव्हतेच, त्यामुळे मोडण्यासाठी निवड चांगली होती. पण अशा कोणत्याही योजनेत ठरावीक रक्कम जाहीर झाली, की सर्वांत आधी त्या रकमेपेक्षा कमी किमतीच्या, म्हणजे बहुधा फारशा न चालणाऱ्या गाड्याच पुढे येतात. अमेरिकेने २००९ मध्ये यासाठी एक अट घातली होती, की गाडी आधीचे सलग वर्षभर नोंदणीकृत आणि विमाकृत असली पाहिजे आणि चालू स्थितीत असली पाहिजे. इंजिन पुन्हा वापरले जाऊ नये म्हणून त्यातील तेल काढून सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतत आणि ते जाम होऊन बंद पडेपर्यंत चालवत. हा नियम कठोर वाटला, तरी निशिगंध म्हणतात तशी चोरटी विक्री त्याने बऱ्याच अंशी रोखता येते.

मोडण्याचे कामही नीट झाले पाहिजे. वातानुकूलनातील आर-१३४ए हा वायू तसाच हवेत सोडला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट तापमानवाढ तो करतो. शिशाची बॅटरी, इंजिन तेल आणि ब्रेकचे तेल आधी वेगळे काढावे लागते. तांब्यासाठी तारा आणि लोखंडासाठी टायर उघड्यावर जाळले, तर त्या एका ढिगातून निघणारा धूर आसपासच्या वस्तीला वर्षभर धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक त्रास देतो. म्हणून अनुदान देताना गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत आली का, मागील वर्षात ती किती किलोमीटर धावली, तिच्या धुरात प्रत्यक्षात काय सापडले आणि ती कोणत्या अधिकृत केंद्रात सुटी केली गेली, या चार नोंदी जोडल्याशिवाय पैसे देऊ नयेत, अशी अट मी घालीन.